माप आणि दाद : मराठवाड्याच्या संदर्भात समाजस्वास्थ्याचा विचार

१

साहित्य स्वायत्त असते की बांधील असते, हा प्रश्न मराठी समीक्षेने गेल्या अर्धशतकात अनेक अंगांनी चर्चिला आहे. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून दलित साहित्याच्या भूमिकेपर्यंत आणि तेथून देशीवादापर्यंत हा वाद कधी थेट, कधी आडवळणाने चालत आला. या सर्व चर्चेत एक गोष्ट मात्र गृहीत धरली गेली. स्वायत्ततेचा प्रश्न आपण साहित्यकृतीला विचारला. ज्या सांस्कृतिक जीवनात ती कृती जन्मते त्या जीवनाला विचारला नाही. कविता राजकारणापासून मुक्त असावी की नसावी, यावर आपण हिरिरीने बोललो. परंतु महाविद्यालय, ग्रंथालय, विद्यापीठ, साहित्यसंस्था आणि खुद्द वाचक यांचे जीवन सत्तेच्या आणि पैशाच्या मापापासून कितपत मुक्त आहे, या प्रश्नाकडे समाजशास्त्राचा विषय म्हणून पाहिले आणि तो बाजूला ठेवला.

प्रस्तुत लेखाचा हेतू हा बाजूला पडलेला प्रश्न पुन्हा मध्यभागी आणण्याचा आहे. निरोगी समाजात आर्थिक, राजकीय आणि सांस्कृतिक जीवनाचा परस्परसंबंध कसा असावा? तिन्हींचा समतोल असावा, हे उत्तर चटकन सुचते आणि ते सर्वमान्यही होते. परंतु समतोल म्हणजे नेमके काय, आणि समतोल म्हणजेच स्वास्थ्य काय, हे तपासले की उत्तराची सुलभता संपते. ही तपासणी अमूर्त पातळीवर न करता नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या अनुभवाच्या आधारे करावयाची आहे. या निवडीमागे प्रादेशिक अभिमान नाही. या भूभागात गेल्या शतकात तिन्ही क्षेत्रे एकमेकांच्या जागी उभी राहिली, एकमेकांची कामे करू लागली आणि त्या अदलाबदलीची किंमत माणसांनी मोजली. सिद्धान्ताची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

२

प्रथम परंपरेचा आढावा घेऊ. कौटिल्याने अर्थाला प्राधान्य दिले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच प्रकरणात त्याने धर्म, अर्थ आणि काम हे तिन्ही परस्परांशी बांधलेले असून त्यांपैकी एकाचेच अतिसेवन केले तर ते स्वतःला आणि इतर दोघांनाही पीडा देते, असे म्हटले आहे. हा विचार लक्षणीय आहे, कारण अतिरेकाने अतिरेक करणाऱ्या क्षेत्राचेही नुकसान होते, ही जाणीव त्यात आहे. मात्र हा उपदेश राजाला उद्देशून आहे. प्रजेतील सामान्य माणसाला तिन्ही पुरुषार्थ सारख्याच प्रमाणात उपलब्ध आहेत काय, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

प्लेटोचे आदर्श राज्यही त्रिविध आहे. तेथे न्याय म्हणजे प्रत्येक वर्गाने आपापले काम करणे. परंतु क्षेत्रांची वाटणी ही माणसांची वाटणी झाली की काय होते, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. डॉ. आंबेडकरांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये प्लेटोच्या या वर्गीकरणावर जी टीका केली तिचे मर्म हेच आहे. माणसाच्या ठिकाणी असलेल्या विविध शक्तींना तीन कप्प्यांत कोंबता येत नाही; तसे केले की व्यक्तीचे अनन्यत्व नष्ट होते. म्हणजे समाजाची तीन अंगे मानणे वेगळे आणि समाजातील माणसे तीन भागांत विभागणे वेगळे. पहिल्यातून आरोग्याचा विचार निघू शकतो, दुसऱ्यातून वर्णव्यवस्था निघते.

आधुनिक काळात पहिल्या महायुद्धानंतरच्या मोडतोडीत, १९१९ साली, रुडॉल्फ स्टायनर याने फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्रिसूत्रीची वाटणी सुचविली. सांस्कृतिक जीवनात स्वातंत्र्य, राजकीय जीवनात समता आणि आर्थिक जीवनात बंधुता, अशी ती वाटणी होती. तिचे आकर्षण उघड आहे. विचाराच्या क्षेत्रात समतेचा आग्रह धरला तर सामान्यीकरण होते, बाजारात अमर्याद स्वातंत्र्य दिले तर शोषण होते. तेव्हा प्रत्येक मूल्याला त्याचे घर नेमून द्यावे. याउलट आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना अविभाज्य मानले. त्यांपैकी एक दुसऱ्यापासून तोडले की लोकशाहीचा हेतूच पराभूत होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, हा इशाराही त्याच भाषणातला.

या दोन भूमिकांत खरा विरोध आहे आणि तो गुळमुळीतपणे मिटवू नये. एक मूल्यांची वाटणी करते, दुसरी वाटणीलाच धोका मानते. मायकेल वॉल्झर या अमेरिकन विचारवंताने १९८३ साली ‘स्फिअर्स ऑफ जस्टिस’ या ग्रंथात मांडलेली भूमिका येथे उपयोगी पडते. प्रत्येक सामाजिक वस्तूच्या वाटपाचे तत्त्व त्या वस्तूच्या अर्थातच असते, असे तो म्हणतो. औषध गरजेनुसार, सन्मान योग्यतेनुसार, मत प्रत्येकास एक. एका क्षेत्रातील वर्चस्वाच्या बळावर दुसऱ्या क्षेत्रातील वस्तू बळकावणे, ही त्याच्या मते जुलमाची व्याख्या होय. आपल्या मोंढ्याच्या भाषेत सांगायचे तर तूर काट्यावर तोलावी आणि तेल मापाने मोजावे. एकाच्या मापाने दुसरे मोजू लागलो की व्यवहार खोटा होतो.

तथापि वॉल्झरचा सिद्धान्त ज्या समाजात रचला गेला तेथे क्षेत्रे इतिहासाने बऱ्याच अंशी वेगळी केली होती. आपल्याकडे तसे नव्हते. जातिव्यवस्थेत धंदा, अधिकार आणि पावित्र्य ही तिन्ही एकाच मापाने, जन्माच्या मापाने, मोजली जात होती. येथेच समतोलाच्या कल्पनेतील अडचण उघडी पडते. बलुतेदारीचे जुने खेडे हे एका अर्थी विलक्षण समतोल होते. प्रत्येकाचे काम ठरलेले, प्रत्येकाचा वाटा ठरलेला, प्रत्येकाची पायरी ठरलेली. अर्थ, सत्ता आणि संस्कृती यांत तेथे कसलाही विसंवाद नव्हता. आणि नेमके म्हणूनच ते रोगी होते. कारण जो एका क्षेत्रात खाली होता तो तिन्ही क्षेत्रांत खाली होता आणि दाद मागायला चौथी जागा नव्हती.

तेव्हा समाजस्वास्थ्याचा निकष समतोल हा नसून दाद हा आहे, असे मला वाटते. एका क्षेत्रात हरलेल्या माणसाला दुसऱ्या क्षेत्रात उभे राहता यावे आणि तेथून पहिल्या क्षेत्राला जाब विचारता यावा, ही निरोगी समाजाची किमान अट होय. क्षेत्रांची मापे वेगळी हवीत ती याचसाठी. माणूस मात्र एकच आहे. तो तिन्ही क्षेत्रांत एकाच वेळी जगतो. मापे वेगळी हवीत, हे स्टायनर आणि वॉल्झर यांचे म्हणणे आणि माणूस अविभाज्य आहे, हे आंबेडकरांचे म्हणणे दाद या कल्पनेत एकत्र आणता येते. आता हा निकष प्रत्यक्षावर लावून पाहू.

३

१९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात मराठी भाषकांना राजकीय जीवन जवळजवळ नव्हते. सार्वजनिक सभांवर निर्बंध घालणारे गश्ती निशाण ५३ प्रसिद्धच आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. अशा स्थितीत राजकारणाने संस्कृतीच्या घरात आश्रय घेतला. राष्ट्रीय शाळा, वाचनालये, गणेशोत्सव आणि भाषिक परिषदा यांनी ते काम केले. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या आणि नंतर अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते, ही केवळ चरित्रातील नोंद नव्हे. तो त्या काळाचा तर्क आहे. १९३७ साली परतूर येथे भरलेली महाराष्ट्र परिषद ही नावाने सांस्कृतिक-सामाजिक आणि आशयाने राजकीय होती.

आपल्या निकषाने पाहिले तर हा स्वास्थ्याचाच एक प्रकार ठरतो. राजसत्तेच्या दरबारात ज्यांना उभे राहता येत नव्हते त्यांनी भाषेच्या आणि शिक्षणाच्या जागी दाद मागितली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ही दाद लागली. परंतु या यशात पुढच्या अडचणीचे बीज होते. संस्कृतीने राजकारणाचे काम उचलले ते संकटकाळाची गरज म्हणून. ती गरज संपल्यावर संस्कृतीला तिचे स्वतःचे काम परत मिळावयास हवे होते. काही काळ ते मिळालेही. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्यामागे मुक्तिसंग्रामातून आलेल्या माणसांची प्रेरणा होती. याच महाविद्यालयात नरहर कुरुंदकर प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. परीक्षांच्या मापाने विद्यार्थिदशेत वारंवार अपयशी ठरलेला हा माणूस सौंदर्यशास्त्र, इतिहास, मनुस्मृती, संविधान आणि नाट्यशास्त्र अशा विषयांवर महाराष्ट्रभर बोलत राहिला. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला त्यांचे निधन झाले तेही व्यासपीठावर. पदवीचे माप एका बाजूला आणि विद्वत्तेचे माप दुसऱ्या बाजूला ठेवण्याइतके त्या काळचे सांस्कृतिक जीवन स्वतःच्या पायावर उभे होते, याचा हा पुरावा आहे.

परंतु पुढच्या पिढीत संस्था वाढल्या तशी संस्थाचालक नावाची एक नवी व्यक्ती उदयाला आली. महाविद्यालय, साखर कारखाना, बँक आणि मतदारसंघ ही एकाच घराच्या ओसरीवर येऊन बसली. ज्या संस्कृतीने एके काळी सत्तेला आव्हान दिले तिची इमारत आता सत्तेच्या मालमत्तेत मोजली जाऊ लागली. संस्थानी काळात राजकारण संस्कृतीच्या आश्रयाला आले होते; आता संस्कृती राजकारणाच्या आश्रयाला गेली. आश्रय या शब्दाचा अर्थ मात्र दोन्ही वेळी सारखा राहिला नाही.

४

महाराष्ट्रात सामील होताना मराठवाड्याला २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासने मिळाली होती. ती पुरी झाली नाहीत, ही भावना १९७४ च्या विकास आंदोलनात व्यक्त झाली. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द सार्वजनिक भाषेत रुजला. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने यांत राज्याच्या सरासरीपेक्षा प्रदेश किती मागे आहे हे मोजण्याची ती रीत होती. अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ साली स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे याच विचाराचे फळ होते. त्यांची मुदत २०२० साली संपली.

या मागणीतील न्याय निर्विवाद आहे. परंतु अनुशेष हे आर्थिक क्षेत्राचे माप असून हळूहळू ते प्रदेशाच्या आत्मचित्राचे माप बनले. आम्ही कोण, याचे उत्तर आम्हाला काय मिळाले नाही, असे देण्याची सवय लागली. आणि या मापाने एक साधा प्रश्न सुटत नाही. राजकीय सत्तेचा अनुशेष या दोन जिल्ह्यांना कधी होता काय? शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण नांदेडचे. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख लातूरचे. राज्याच्या मुख्यमंत्रिपदी चौघे जण या दोन जिल्ह्यांतून गेले. शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष आणि पुढे देशाचे गृहमंत्री झाले. राज्यातील फार थोड्या भागांना सत्तेचे असे सान्निध्य लाभले असेल. धरणे झाली, विष्णुपुरीसारखा प्रकल्प झाला, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, रस्ते झाले. तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्याच्या आधीच्या महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू करावी लागली होती. पाऊस कमी झाला होता हे खरे. पण मांजरा खोऱ्यात ऊस वाढत होता हेही खरे. कोणते पीक घ्यावे हा निर्णय आर्थिक, कारखान्याचा परवाना हा निर्णय राजकीय आणि तहान मात्र सर्वांची. सत्ता विपुल असूनही तिच्यापाशी दाद लागली नाही, कारण ऊस आणि सत्ता यांचे माप एकच झाले होते.

५

क्षेत्रांच्या सरमिसळीचे सर्वांत वेदनादायक उदाहरण नामांतराचे आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नांदेड जिल्हा त्यात अग्रभागी होता. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या याच दिवसांतली. ठरावाची अंमलबजावणी व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडला. मधली सोळा वर्षे हा लढा चालला.

विद्यापीठाचे नाव हा सांस्कृतिक जीवनातला प्रश्न आहे. ज्ञानाच्या घरावर कोणाची स्मृती कोरावी, हे त्या क्षेत्राच्या मापाने, म्हणजे त्या व्यक्तीचे ज्ञानाशी आणि त्या भूमीशी असलेले नाते पाहून ठरावे. त्या मापाने वाद संभवतच नव्हता. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे करून बाबासाहेबांनी मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला होता. परंतु विरोधाचे युक्तिवाद अन्य क्षेत्रांतून आले. एक युक्तिवाद राजकीय होता : बहुसंख्यांची भावना काय आहे? जणू नावाचा मान मतपेटीने ठरतो. दुसरा आर्थिक होता : नावाने पोट भरत नाही, आधी रेल्वे द्या, उद्योग द्या, अनुशेष भरा. मुक्तिसंग्रामातून आलेल्या काही आदरणीय माणसांनीही प्रदेशाच्या अस्मितेच्या नावाने विरोध केला, हे आज कटुता न ठेवता परंतु स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. निजामाच्या काळात ज्यांनी भाषेच्या सन्मानासाठी राजकीय बळ उभे केले, त्यांना दुसऱ्या समूहाच्या सन्मानाची मागणी मात्र क्षुल्लक वाटली.

खेड्यात या युक्तिवादांची भाषा वेगळी होती. तेथे विद्यापीठ कोणी पाहिले नव्हते. जाळपोळ झाली ती नावासाठी नव्हे. सालगड्याच्या घरातला मुलगा शिकून सवर्णांच्या बरोबरीने उभा राहतो, आरक्षित जागेवर नोकरी मिळवितो, मेलेले जनावर ओढायला नकार देतो, याच्या रागापोटी. संस्कृतीच्या क्षेत्रात मिळालेली एक दाद अर्थाच्या आणि अधिकाराच्या क्षेत्रात जाब विचारू लागली होती. जन्माचे एकच माप सर्वत्र चालावे असे ज्यांना वाटत होते, त्यांनी ती जागाच जाळण्याचा प्रयत्न केला. ‘नावाने पोट भरत नाही’ हे वाक्य ज्याचे पोट भरलेले आहे त्याने उच्चारले होते, ही त्यातली विटंबना होय. दत्ता भगत यांच्यासारख्या नांदेडच्या नाटककाराने ‘वाटा-पळवाटा’मध्ये चळवळीतील अंतर्विरोधांची जी चर्चा केली ती याच काळाच्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे.

१९९४ च्या नामविस्ताराबरोबरच विद्यापीठाचे विभाजन होऊन १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आले. दोन स्मृतींना दोन घरे मिळाली. राजकीय तडजोड म्हणून हे शहाणपणाचे होते. सांस्कृतिक प्रश्न मात्र तडजोडीने संपत नाही. या दोन स्मृती एकमेकींशी बोलतात काय, हे अभ्यासक्रमाने आणि संशोधनाने ठरावयाचे आहे. नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक होते, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. दूरच्या समाजातील वंशभेदाचे वाङ्मय वाचणारा माणूस जवळच्या जातिभेदाच्या भूमीत विद्यापीठाची उभारणी करतो, तेव्हा संस्कृती आपले काम करीत असते.

६

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ ते दहा हजार माणसे गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने फार मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. सरकारी यंत्रणा, स्वयंसेवी संस्था आणि देशभरातील दाते यांनी केलेले हे काम कोणत्याही मापाने लहान नव्हते.

तरीही त्या कामातील एक तपशील विचार करावयास लावणारा आहे. घरांचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमिनीवरून ठरविण्यात आले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५०. निर्णयामागे व्यावहारिक कारणे असतील. मोठ्या शेतकऱ्याला अवजारे, धान्य, जनावरे यांसाठी जागा लागते, हे नाकारता येत नाही. परंतु ज्या रात्रीने सर्व भिंती सारख्याच पाडल्या तिच्या दुसऱ्या दिवशी राज्यसंस्थेने, जिचे माप समता हे असावयास हवे, अर्थव्यवस्थेतील विषमतेचे चौरस फुटांत भाषांतर केले. जुन्या गावातील पायऱ्या भूकंपात मोडल्या होत्या. नव्या गावाच्या नकाशाने त्या सरळ रेषेत पुन्हा आखल्या.

दुसरी गोष्ट संस्कृतीची. नवी गावे शहरी वसाहतीसारखी, रुंद सरळ रस्त्यांची, एकसारख्या ओळींची झाली. अरुंद गल्ली, ओसरी, पार, वेस आणि घराच्या आतले उघडे अंगण यांना त्या आराखड्यात फारशी जागा नव्हती. बायकांच्या कामाला आणि बोलण्याला जी आडोशाची जागा लागते ती समोरासमोरच्या उघड्या दारांत उरली नाही. पुढे लोकांनीच घरांना पडव्या जोडल्या, पत्रे टाकले, जनावरांना जागा केली, भिंती घातल्या. या दुरुस्त्यांकडे अनधिकृत बांधकाम म्हणूनही पाहता येते. मला त्यांत दाद मागण्याचा एक निःशब्द प्रकार दिसतो. नकाशा करणाऱ्याने ज्याला क्षेत्रफळ म्हटले त्याला घर म्हणायला काय लागते, हे लोकांनी विटा-पत्र्यांच्या भाषेत सांगितले. जुन्या गल्लीत जातीच्या सीमाही होत्या, हे मात्र विसरून चालणार नाही. हरवलेल्या गल्लीचे हळवे स्मरण करणाऱ्याने त्या गल्लीच्या शेवटी कोणाचे घर होते, हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. आराखडा करताना लोकांशी बोलणे का आवश्यक होते, याचे कारण येथेच आहे : कोणती सीमा मोडावी आणि कोणता आडोसा राखावा, हे अभियांत्रिकी सांगू शकत नाही.

७

लातूर पॅटर्नविषयी बोलताना विशेष जपून बोलावे लागते. १९६१ चे दयानंद महाविद्यालय, १९७० चे राजर्षी शाहू महाविद्यालय यांनी आणि त्यांच्यासारख्या संस्थांनी जादा तास, पुनःपुन्हा चाचण्या आणि शिक्षकांचे कष्ट यांच्या बळावर पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडली. कोरडवाहू शेतकऱ्याची, हमालाची, शिक्षकाची मुले डॉक्टर-अभियंते झाली. आपल्या निकषाने ही दाद लागण्याचीच घटना आहे. आर्थिक क्षेत्रात मागे पडलेल्यांना ज्ञानाच्या क्षेत्रातून वाट मिळाली. या पद्धतीला घोकंपट्टी म्हणून हिणविणाऱ्या अभिजनांनी आपल्या मुलांना कोणत्या वाटा आधीच मोकळ्या होत्या हे आठवावे.

परंतु वाट मिळणे आणि वाटेलाच मुक्काम समजणे यांत अंतर आहे. गुण हे ज्ञानाचे माप नसून प्रवेशाचे माप आहे. त्या मापाने शाळा, शिक्षक आणि अखेर मूल मोजले जाऊ लागले, तेव्हा शिक्षण सांस्कृतिक क्षेत्रातून उठून मोंढ्यात आले. शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी शहराचे भाग ओळखले जाऊ लागले. मराठीचा तास हा गुण मिळवून देणारा किंवा न देणारा तास झाला. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, ते याच तर्काचे टोक होते. ज्याचे माप पैशात होते ते पैशाने मिळविता येईल असे कोणाला तरी वाटणारच. आणि जो मुलगा या मापात बसत नाही त्याने कोठे दाद मागावी? जेथे एकच परीक्षा अर्थ, प्रतिष्ठा आणि आत्मसन्मान या तिन्हींचा निकाल लावते तेथे जन्माच्या जुन्या मापाची जागा गुणांच्या नव्या मापाने घेतली, एवढेच म्हणता येते. नवे माप जुन्याहून कितीतरी न्याय्य आहे. पण एकच माप असण्यातला रोग तोच आहे. विद्यार्थिदशेतील कुरुंदकर आज या परिसरात असते तर त्यांना दुसरी कोणती वाट मिळाली असती, हा प्रश्न म्हणूनच केवळ कल्पनाविलास नव्हे.

८

‘आधी भाकरी, मग संस्कृती’ हा आक्षेप या विवेचनावर घेतला जाईल. आर्थिक पाया बदलल्याशिवाय बाकी सारे वरवरचे आहे, असे म्हणणाऱ्यांच्या कळकळीबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की, या भूभागाचा अनुभव तसा नाही. भाकरीचा प्रश्न प्रथम विचारला गेला तो शाळेत, वाचनालयात, परिषदेत. कोणाची भाकरी कोण हिरावतो, हे सांगणारी भाषा जेथे तयार होते ते क्षेत्र भाकरीनंतरचे कसे मानता येईल? आणि भाकरी मिळाल्यावर माणूस बोलू लागेल, हेही खरे नाही. ऊस मिळालेली गावे तहानेविषयी फारशी बोलली नाहीत.

येथे समीक्षेकडे परत येता येते. याच परिसरातील दोन कृती उदाहरणादाखल घेऊ. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) मध्ये गंगाराम शिंप्याच्या संसाराची पडझड त्याच्या पत्नीच्या निवेदनातून येते. ही कादंबरी ग्रामीण अर्थव्यवस्थेतील बदलाचा दस्तऐवज म्हणून वाचता येते आणि तशी ती वाचलीही गेली. परंतु धंदा बुडणे हे अर्थशास्त्रातले एक वाक्य आहे. तो बुडत असताना नवऱ्याचा ताठा, गावाची नजर आणि मुलाची ओढ या तिन्हींमध्ये सापडलेली बाई जे बोलते ते त्या वाक्यात मावत नाही. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) हे तर आपल्या प्रश्नाचे मूर्त रूप आहे. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या जमातींपैकी एका जमातीत वाढलेला मुलगा शाळेत जातो, पुढे सूतगिरणीत कामगार होतो, संघटना करतो, लिहितो. कायदा, धंदा आणि प्रतिष्ठा या तिन्ही दारांवर त्याच्यासाठी एकच शिक्का होता. ज्या एका फटीतून तो बाहेर आला तिचे नाव अक्षर. या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे त्याचे यश आहे. पण त्याचे खरे मोल, ज्या न्यायालयात त्याला उभे राहता येत नव्हते त्याला त्याने दुसरीकडून साक्षीला बोलावले, यात आहे.

अशा कृतींना प्रदेशाच्या अनुशेषाचे पुरावे म्हणून वाचणे हे समीक्षेनेही आर्थिक माप उसने घेणे होय. आणि त्यांच्याकडे केवळ घाट, निवेदनतंत्र, बोलीचे वैभव म्हणून पाहणे हे त्यांची दाद फेटाळणे होय. स्वायत्तता की बांधिलकी, हा पर्याय येथे गैरलागू ठरतो. साहित्य स्वायत्त असले पाहिजे ते इतर क्षेत्रांपासून पळून जाण्यासाठी नव्हे, तर त्यांना प्रश्न विचारता यावा म्हणून. ज्याचे अन्न दुसऱ्याच्या कोठारातून येते त्याची साक्ष दुबळी होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन अशी दोन्ही संमेलने भरली. त्यांतील भूमिकाभेदांची चर्चा पुष्कळ झाली. त्याहून मोलाचा प्रश्न असा की, मंडप कोणी उभारला, पाहुण्यांची व्यवस्था कोणी केली आणि त्या बदल्यात व्यासपीठावर काय बोलले गेले नाही. हा प्रश्न दोन्ही मंडपांना, आणि आपल्या नियतकालिकांनाही, सारखाच लागू आहे.

निरोगी समाज कसा असतो याचे चित्र या लेखात रेखाटलेले नाही. तसे चित्र आखणाऱ्यांचे नकाशे किल्लारीच्या नव्या गावांसारखे सरळ रेषांचे होण्याचा धोका असतो. एवढेच म्हणता येईल की, जेथे कारखान्याच्या सभासदाला कारखान्याविरुद्ध मत देता येते, प्राध्यापकाला संस्थाचालकाविरुद्ध लिहिता येते, सालगड्याच्या मुलाला गावाने दिलेले नाव नाकारता येते आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलाला वाचनालयात कोणी तरी गंभीरपणे पुस्तक देते, तेथे तिन्ही क्षेत्रांचे काटे वेगळे शाबूत आहेत. यांपैकी शेवटची गोष्ट करण्यासाठी सरकारी मंडळाची किंवा विशेष निधीची गरज नाही. ती करणे अध्यापकांच्या हाती आहे, आणि ती आपण किती वेळा केली हा हिशेब आपल्यालाच द्यावयाचा आहे.